क्षितिज किंचित डावीकडे कललंय

चांगला फोटो काढायला पहाटे तीनला उठावं लागतं. त्यात खोट काढायला मात्र रविवारचं जेवण करून, वामकुक्षी आटोपून आलं तरी चालतं. आमच्या हौशी फोटोग्राफरांच्या मंडळाची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी साडेचारला भरते, ती याच हिशेबानं. त्या वेळी बाहेर उन्हं कलायला लागलेली असतात, टेकडीवरच्या गवताच्या कडा चमकू लागतात, निसर्गचित्र काढायची उत्तम वेळ सुरू झालेली असते. आणि आम्ही सगळे निसर्गप्रेमी खिडक्यांचे पडदे ओढून, अंधार करून, प्रोजेक्टरसमोर बसलेले असतो.

मंडळी सगळी हौशी. एक दातांचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आयटीतली दोन मुलं, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम आणि शाळेत चित्रकला शिकवून घरी बसलेले सर. पक्षी काढणारे आमच्यात नाहीत. ते वेगळे. ते भिगवणला जातात, त्यांच्या लेन्सा हातभर लांब असतात, आणि जे हलतच नाही त्याचे फोटो काढायला अक्कल कशाला लागते, अशा नजरेनं ते आमच्याकडे बघतात. आमचं म्हणणं असं, की उडालेला फ्लेमिंगो पुढच्या हिवाळ्यात परत येतो. हरिश्चंद्रगडावर पडलेलं पाच मिनिटांचं ऊन परत येत नाही. अर्थात हे आम्ही त्यांच्या तोंडावर कधी बोललेलो नाही.

बैठकीचा नियम असा, की फोटो कोणाचा हे आधी सांगायचं नाही. म्हणजे चर्चा निःपक्षपाती होते. प्रत्यक्षात फोटो पडद्यावर आला की ज्याचा असतो तो पाणी प्यायला उठतो किंवा चष्मा पुसायला काढतो. त्यामुळे कोणाचा ते सगळ्यांना कळतं आणि चर्चा सुरळीत पक्षपाती होते.

पहिले काही क्षण कोणीच बोलत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "जागा सुंदर आहे." नवख्या माणसाला ही स्तुती वाटते आणि तो खुलतो. त्याला ठाऊक नसतं की श्रेयाचा पहिला वाटा आत्ताच सह्याद्रीला गेला. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर रचून बसलाय. तू काल रात्री गाडी काढून गेलास. पाठोपाठ दुसरा आवाज येतो, "लाइट भारी मिळाला." हा वाटा सूर्याचा. तिसरा विचारतो, "बॉडी कुठली?" हा जपानचा. चौथा म्हणतो, "एडिटिंग जमलंय." हा सॉफ्टवेअरचा. सह्याद्री, सूर्य, जपान आणि सॉफ्टवेअर असे चार वाटे घालून झाले, की फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला पेट्रोलचा खर्च उरतो.

याहून वाईट म्हणजे नुसतं "छान". डॉक्टर तसं म्हणतात. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून कंटाळल्यामुळे रविवारी ते स्वतःचं फारसं उघडत नाहीत. त्यांच्या "छान"चा सूर "दाढ काढावी लागेल"च्या फार जवळचा असतो.

टीकेकडे वळायचं तर पहिला मान काकांचा. काकांचा विषय क्षितिज. उभी हयात खतावण्या जुळवण्यात गेल्यामुळे दोन बाजू सारख्या नसल्या की त्यांना चैन पडत नाही. "क्षितिज किंचित डावीकडे कललंय" हे वाक्य ते प्रोजेक्टर गरम होत असतानाच तयार ठेवतात. पवना धरणाचं पाणी असेल तर प्रश्नच नाही; पाणी बिचारं कलू शकत नाही, कललाय तो कॅमेरा. पण सह्याद्रीत सरळ क्षितिज आणायचं कुठून? इथे सगळ्या सोंडा, धारा, घळी आणि उतार. "अहो काका, तो डोंगरच तसा आहे," म्हटलं, तर काका म्हणतात, "डोंगर कसाही असो, फोटो सरळ हवा."

एका रविवारी ओळीनं सगळेच फोटो डावीकडे कललेले निघाले. त्यात डॉक्टरांचाही होता, आणि डॉक्टर ट्रायपॉडवरची पाणसळ बघितल्याशिवाय बटणाला हात लावत नाहीत. ते पहिल्यांदाच "छान"पेक्षा जास्त बोलले. मग उठले, भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा तसबिरीकडे बघितलं. पडद्याचा उजवा खिळा सैल होऊन तो चांगला दोन बोटं खाली आला होता, आणि त्या कडेपुढे सरळ फोटोही डावीकडे कललेला दिसत होता. कधीपासून, देव जाणे. खिळा ठोकून पडदा सरळ केला आणि पुढचा फोटो लावला. तो नेमका काकांचा होता आणि तो उजवीकडे कलला होता. कारण दर महिन्याला याच पडद्यावर बघून, घरी जाऊन, काका आपल्या सगळ्या फोटोंना तेवढा कोन देत आले होते. काका शांतपणे म्हणाले, "खिळा डावीकडचाही बघून घ्या."

क्षितिज सरळ निघालं तर एक तृतीयांशाचा नियम आहेच. फोटोचे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांनी नऊ भाग करायचे आणि महत्त्वाची वस्तू रेघांच्या छेदावर ठेवायची. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यातही या रेघा येतात, त्यामुळे शेंबड्या पोरालाही नियम ठाऊक असतो. गंमत अशी, की हा नियम नाव देऊन प्रथम लिहून ठेवला तो जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज खोदचित्रकारानं, ग्रामीण देखाव्यांवरच्या आपल्या पुस्तकात, १७९७ साली. फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला तो १८३९ साली. म्हणजे फोटोग्राफी जगापुढे यायच्या बेचाळीस वर्षं आधीच तिच्या हातून होणारी चूक तयार होती. स्मिथसाठी तो चित्रातल्या जमीन, पाणी आणि आकाशाच्या वाटणीचा एक ठोकताळा होता. आमच्याकडे तो फौजदारी कायद्याचं कलम आहे. देऊळ मधोमध ठेवलं तर "नियम माहीत नाही", छेदावर ठेवलं तर "नेहमीचंच केलंय". मधोमध ठेवून खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब असेल तर मात्र "काय सिमेट्री आहे!" म्हणजे गुन्हा एकट्यानं केला तर शिक्षा, जोडीनं केला तर सत्कार. या नियमाचं निष्ठेनं पालन आमच्यात एकाच बाबतीत होतं. नवीन लेन्सची घरी सांगितलेली किंमत खऱ्या किमतीच्या एक तृतीयांश असते. हौसेला मोल नसतं म्हणतात ते बायकोसमोर.

यानंतरचा आक्षेप फोरग्राउंडचा. "मागचं ठीक आहे, पण पुढे काहीतरी हवं होतं." पुढे काय हवं हे कोणी सांगत नाही. दगड ठेवला तर "दगड ओझं झालाय", फूल ठेवलं तर "फूल फार गोड झालंय", मित्राला पाठमोरा उभा केला तर "जाहिरात वाटते". या पुढच्या काहीतरीच्या शोधात माणसं काय करतील याचा नेम नाही. हे बघायचं असेल तर सप्टेंबरात कासला जावं.

साताऱ्याजवळचं हे पठार पश्चिम घाटातल्या एकोणचाळीस ठिकाणांपैकी एक म्हणून २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. कातळावर वीतभरसुद्धा माती नाही, आणि तेवढ्यात तेरडा, कवला, गेंद आणि सीतेची आसवं असे ताटवे फुलतात. यातली सीतेची आसवं नावाइतकी हळवी नाहीत. ती जमिनीखालच्या आपल्या इवल्याशा पिशव्यांत बारीक जीव पकडून खातात. तरी वरून सगळा निळा-जांभळा भाबडेपणा. या फुलांना फोरग्राउंड करायला पोटावर आडवं व्हावं लागतं, वर भुरभुर पाऊस, खाली गार चिखल. पोटावर आडवे झालेले फोटोग्राफर शेजारी शेजारी इतके असतात की मागच्याच्या फोटोत पुढच्याचे बूट येतात. तिकीट काढून, रांगेत उभं राहून, गर्दीत कोपरं खुपसून प्रत्येकानं काढलेला फोटो असतो "निर्जन पठारावरची शांतता".

ही शांतता घरी जाऊन तयार करावी लागते. आयटीतल्या थोरल्यानं असाच एक फोटो आणला होता. गुलाबी तेरड्याचा गालिचा, वर काळं आभाळ, चिटपाखरू नाही. सगळे खरोखर गप्प झाले. मग मॅडम खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ती छत्री कोणाची आहे रे?" उजव्या कोपऱ्यात, जमिनीपासून पाच फुटांवर, एक जांभळी छत्री उघडी होती. दांडाही होता. दांड्याला चार बोटं होती. बोटांच्या पुढचा माणूस पोरानं मोठ्या मेहनतीनं पुसून तिथे तेरडा लावला होता, छत्री फुलांत खपून जाईल म्हणून ठेवली होती. "सहलीचा ग्रुप होता हो," तो म्हणाला, "शेवटच्या काकू राहून गेल्या." सरांनी सुचवलं, की आता त्या बोटांचंही राहू दे, फोटोत जिवंत म्हणण्यासारखी तेवढीच गोष्ट आहे.

धबधब्यांच्या बाबतीत मंडळात उघड दोन तट आहेत, दूधवाले आणि थेंबवाले. दूधवाले लेन्सपुढे काळी काच लावतात, शटर दहा-वीस सेकंद उघडं ठेवतात आणि पाण्याचं दूध करून आणतात. थेंबवाले सेकंदाच्या हजाराव्या भागात थेंबन् थेंब गोठवतात. पहिल्यांचा धबधबा बघून तहान लागत नाही, दुसऱ्यांचा बघून काच फुटल्यासारखी वाटते. माझं मत विचाराल तर पाणी पाण्यासारखं दिसतं ते मध्येच कुठेतरी, पाव-अर्ध्या सेकंदाच्या आसपास. पण मध्यममार्गी माणसाला दोन्ही तट धुतात, म्हणून मी ते बैठकीत मांडत नाही. दोघांची बोलती एकट्या नाणेघाटानं बंद केली आहे. पावसाळ्यात कोकणातून आलेला वारा त्या कड्यावर इतक्या जोरानं आदळून वर चढतो, की खाली पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. म्हणजे धबधबा थेट लेन्सवर येतो. तिथे दूधही होत नाही, थेंबही होत नाही. होतं ते फक्त कापड ओलं. मग मंडळी हताश होऊन तिथल्या गुहेत शिरतात आणि समोर सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख असतो. त्याच्याकडे पाठ करून लेन्स पुसतात.

पण खरी हातघाई होते ती आकाशावरून. २०२० च्या ऑक्टोबरात फोटोशॉपमध्ये आकाश बदलायची सोय आली आणि महाराष्ट्रातलं हवामान एकदम सुधारलं. पूर्वी मंडळी तोरण्यावर रात्र काढायची, सकाळी धुकं निघायचं, आणि रिकाम्या हातानं परत यायची. आता रिकाम्या हातानं कोणी येत नाही. एका बैठकीत तोरण्यामागचा सूर्यास्त आला, पाठोपाठ दिवेआगरचा आला, आणि दोन्हींत डाव्या कोपऱ्यात शेपटी असलेला तोच ढग होता. दोन फोटोंत सव्वा महिन्याचं अंतर. ढगाच्या चिकाटीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

हे पकडणं हा मॅडमचा प्रांत. त्या आवाज चढवत नाहीत. "सूर्य उजवीकडे मावळतोय आणि झाडाची सावलीही उजवीकडेच पडलीये," त्या म्हणतात. "माझी शिकवण्यात गेलेली वर्षं मी परत मागू का?" धाकट्यानं एकदा राजगडावरून काढलेली आकाशगंगा आणली. खाली सिंहगडाची काळी रेघ, वर तारकांचा तो तेजस्वी पट्टा थेट गडातून उसळल्यागत. टाळ्या पडल्या. मॅडमनी दिवा लावायला सांगितला. आकाशगंगेचा गाभा धनू राशीच्या दिशेला आहे, महाराष्ट्रातून तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. उत्तरेकडे कधीही फिरकत नाही. राजगडावरून सिंहगड दिसतो तो उत्तरेला. "म्हणजे एक तर तू दक्षिण ध्रुवावरून राजगड चढलास," त्या म्हणाल्या, "नाहीतर सिंहगड हलवलास. आणि सिंहगडामागचे पुण्याचे दिवे कुठे गेले? महापालिकेनं तुझ्यासाठी बंद केले का?" पोरगं लाजलं, पण हरलं नाही. पुढच्या महिन्यात त्यानं राजमाचीचे काजवे आणले. झाडं नुसती पिवळ्या ठिपक्यांनी लगडलेली. डॉक्टरांनी विचारलं, "हे सगळे एकाच वेळी होते?" तो म्हणाला, "नाही, आळीपाळीनं." तासभर काढलेले फोटो त्यानं एकावर एक रचले होते. काजव्यांनी खरोखर तेवढं काम केलं होतं, फक्त सगळ्यांची हजेरी एकदम लावली होती.

अशा वेळी काका म्हणतात, "आमच्या वेळी हे नव्हतं." होतं, काका. १८५० च्या दशकात काचेवर ओलं कोलोडियन थापून फोटो काढत, तेव्हा ते रसायन निळ्या रंगाला इतकं हळवं होतं की जमीन नीट यावी तर आकाश पांढरंफटक होई. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५६-५७ च्या सुमारास त्यावर तोड काढली. समुद्राची काच वेगळी, ढगांची काच वेगळी, आणि दोन्ही मिळून एक छाप. त्याच काळात आपल्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. सभासद आपापल्या छापा घेऊन जमत, एकमेकांच्या बघत. काच ओली आहे तोवरच सगळं उरकायचं असल्यानं काळा तंबू आणि रसायनांच्या बाटल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागत. इतकं करून आणलेल्या देवळाच्या फोटोला तिथेही कोणीतरी "पुढे काहीतरी हवं होतं" म्हटलंच असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि सगळ्या निसर्गफोटोग्राफरांचा देव जो अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, त्याचं तरी काय? न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. उतरत्या उन्हात त्यानं गाडी थांबवली, धावपळीत प्रकाश मोजायचं मीटरच सापडेना, तेव्हा चंद्राची तेजस्विता आठवून त्यानं मनातल्या मनात गणित केलं. एक फोटो निघाला, दुसरा काढायच्या आत कबरींवरच्या क्रुसांवरचं ऊन गेलं. ही कथा आमच्याकडे सत्यनारायणासारखी ऐकतात. पुढचा अध्याय मात्र कोणी वाचत नाही. डार्करूममध्ये त्या फोटोचं आकाश तो वर्षानुवर्षं अधिकाधिक काळं करत गेला, सुरुवातीच्या छापेतले फिकट ढग शेवटी पार बुडाले. गंमत म्हणजे फोटो कधी काढला हे त्यालाच नक्की आठवेना. शेवटी खगोलवाल्यांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून हिशेब करून तारीख ठरवली, १ नोव्हेंबर १९४१. मॅडमना अख्ख्या फोटोग्राफीच्या इतिहासात आवडणारी घटना ही एवढीच.

उलट, ज्यात काहीच केलं नाही त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. संगणकावर विंडोज एक्सपी असताना आपण सगळ्यांनी तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ बघितलंय. चार्ल्स ओरियर यांनी तो १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून फिल्मवर काढला. रंगांत आपण काही केलं नाही असं ते सांगत आले आणि लोक ते खोटं मानत आले. जगात सर्वाधिक बघितल्या गेलेल्या फोटोंत त्याची गणना होते. आमच्या बैठकीत आला असता तर? आयटीवाले म्हणाले असते, "हिरवा ओव्हर झालाय." पुढे काहीतरी हवं होतं, हे तर आलंच, पुढे खरोखर काही नाही. डॉक्टरांनी "छान" म्हणून घड्याळ बघितलं असतं. आणि टेकडी उतरती असल्यामुळे काका तर खुर्चीवरून उठलेच असते.

जागा कुठली, हा प्रश्न विचारायचा नसतो, तरी विचारतात. उत्तर ठरलेलं आहे, "मुळशीच्या पुढे." आमच्या मंडळातला निम्मा सह्याद्री मुळशीच्या पुढे आहे. सांधण दरी मुळशीच्या पुढे आहे, रतनगडाचं नेढंही तिथेच आहे. लपवण्यात थोडा शहाणपणाही असतो, कारण जागा फुटली की पुढच्या शनिवारी तिथे मॅगीची टपरी आणि स्पीकर पोचतात. पण बहुतेकदा कारण साधं असतं. काकांनी एकदा असाच "मुळशीच्या पुढचा" एक सोनेरी माळ आणला. धाकट्यानं फाइल उघडून आत नोंदलेले अक्षांश-रेखांश वाचले. तो माळ काकांच्या सोसायटीमागचा बिल्डरचा रिकामा प्लॉट निघाला. माझ्या लेखी तो काकांचा सर्वोत्तम फोटो आहे. त्या दिवशी हे बोलायला कोणी उसंत दिली नाही.

घरातल्यांची टीका या सगळ्यापेक्षा सोपी असते. रात्रभर थंडीत कुडकुडून आणलेला कोकणकडा आत्यानं मोबाइलवर बघितला, बोटांनी मोठा केला, चारी कोपरे तपासले आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" नाही म्हटल्यावर मोबाइल परत दिला. दिवाणखान्यात हौसेनं मोठी छाप फ्रेम करून लावावी, तर पाहुणे म्हणतात, "कुठल्या बँकेचं कॅलेंडर?" काकांनी यावर उपाय काढलाय. ते फोटो आंतरराष्ट्रीय सलोनला, म्हणजे प्रदर्शनांना, पाठवतात, स्वीकारले गेले की वहीत मांडतात, आणि पुरेसे जमले की नावापुढे लावायला ए.एफ.आय.ए.पी. मिळतं. ही पदवी देणारी संस्था १९५० पासून आहे आणि जगभर मान्य आहे. शेजारी मात्र काकांना कुठल्या तरी विमा योजनेचे एजंट समजतात.

राहिले सर. सर फार बोलत नाहीत. जागा, लाइट, बॉडी, एडिटिंग यातलं काहीच विचारत नाहीत. सगळ्यांचं बोलून झालं की पडद्याजवळ जातात आणि बोट ठेवतात. डॉक्टरांच्या एका फोटोत कड्यावर एकटं झाड होतं, मागे दुसरा डोंगर. झाडाची काळी फांदी नेमकी मागच्या डोंगराच्या काळ्या कडेला चिकटली होती, त्यामुळे झाड आणि डोंगर मिळून एकच ढेकूळ झालं होतं. चर्चा तोवर पंचवीस मिनिटं चालली होती. क्षितिज, तृतीयांश, हायलाइट सगळं येऊन गेलं होतं. ती फांदी कोणालाही दिसली नव्हती. सर म्हणाले, "दोन पावलं डावीकडे सरकला असतात, तर झाड सुटं झालं असतं."

डॉक्टर म्हणाले, "सर, डावीकडे दरी होती."

सरांनी फोटोकडे पुन्हा बघितलं. "मग एक पाऊल," म्हणाले.

डॉक्टर पुढच्याच आठवड्यात परत गेले. एक पाऊल सरकायला जागा होती. तो फोटो आता त्यांच्या दवाखान्यात खुर्चीसमोर लावलाय. तोंड उघडून बसलेल्या पेशंटला दुसरं काही बघता येत नाही आणि टीकाही करता येत नाही.

तुम्हाला यायचं असेल तर जरूर या. पहिला रविवार, साडेचार, चहा मंडळाचा. सोबत स्वतः काढलेले तीन फोटो आणा. एखादा नापसंत पडला तर तसं सांगा, फक्त कुठे ते पडद्यावर बोट ठेवून दाखवा. आणि कृपा करून नाणेघाटचा उलटा धबधबा आणू नका. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील इतके आलेत.